लहान पवनचक्की आणि मावळचे पठार : निर्णय कसा घ्यावा?

आषाढात लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला वारा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. छत्री उलटी होते, बोलणे तोंडातच राहते आणि कौले वाचविण्यासाठी त्यांवर दगड ठेवावे लागतात. अशा वेळी कोणाच्याही मनात सहज येते की, एवढे बळ फुकट चालले आहे. एखादी पवनचक्की उभारली तर घरात दिवा नाही का लागणार? प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर तितके साधे नाही. कारण पवनचक्की एकाच्या शेतात उभी राहिली तरी ती दिसते साऱ्या गावाला, ऐकू येते शेजाऱ्याला, आणि तिच्या पात्यांच्या आड येतो तो आकाशातला पक्षी कोणाच्याच मालकीचा नसतो.

प्रस्तुत लेखात मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांचा नव्हे, तर एखाद्या शेतकऱ्याने किंवा वाडीने आपल्या गरजेपुरती उभारावयाच्या लहान पवनचक्कीचा विचार करावयाचा आहे. मावळ तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेपुढे असा अर्ज आला, तर तिने होकार कशाच्या आधारावर द्यावा आणि नकार कशाच्या आधारावर, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

मावळचा जुना अनुभव

या प्रश्नाकडे मावळातला माणूस कोऱ्या मनाने पाहू शकत नाही. विजेशी त्याचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९११ साली लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये आंदर मावळातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह चालू झाले. ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने थोर होती, यात शंका नाही. पण पाणी मावळचे, बुडालेली खाचरे मावळची आणि उजेड मात्र मुंबईचा, हा हिशेब येथल्या लोकांच्या मनात कायमचा राहिला.

शेजारच्या मुळशीत हाच हिशेब उघड संघर्षाला कारण झाला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रहास आरंभ झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते आणि याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण मात्र झालेच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुळशीचा शेतकरी विजेच्या विरुद्ध होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्या जमिनीविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, हे त्याचे मूळ दुखणे होते.

म्हणून पवनचक्कीच्या प्रश्नातही ‘वीज चांगली की वाईट’ या वादाने आपण फारसे पुढे जाणार नाही. चक्की कोठे उभी राहणार, लाभ कोणाला होणार आणि त्रास झाला तर ती उतरविण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हे तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

वाऱ्याचे गणित

प्रथम वीज खरोखर किती मिळेल हे पाहू. येथे भावनेपेक्षा अंकगणित अधिक उपयोगी पडते.

वाऱ्यातील शक्ती दोन गोष्टींवर मुख्यत्वे अवलंबून असते : पाती फिरताना व्यापतात त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग. क्षेत्रफळ दुप्पट झाले तर शक्ती दुप्पट होते. वेगाचे तसे नाही. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला तर ती एक अष्टमांशावर येते.

तीन मीटर व्यासाची चक्की घेतली तर तिचे वर्तुळ सुमारे सात चौरस मीटरांचे होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे अधिक उंच असल्याने हवा किंचित विरळ आहे. ते लक्षात घेता एक सोपे सूत्र हाती येते : वाऱ्याचा वेग दर सेकंदास जितके मीटर असेल त्या संख्येचा घन करावा आणि त्यास चाराने गुणावे, उत्तर वॉटमध्ये मिळते. वेग ५ असेल तर ५०० वॉट, १० असेल तर ४,००० वॉट आणि ३ असेल तर अवघे १०८ वॉट. ही झाली वाऱ्यातील शक्ती. तीतील सुमारे ५९ टक्क्यांहून अधिक भाग कोणतेही यंत्र काढून घेऊ शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ च्या सुमारास दाखवून दिले. लहान चक्कीच्या हाती प्रत्यक्षात पाव हिस्सा लागला तरी समाधान मानावे लागते.

वर्षाचा हिशेब करताना वाऱ्याचा चढउतारही धरावा लागतो. मनोऱ्याच्या माथ्यावर वाऱ्याची वार्षिक सरासरी दर सेकंदास ४ मीटर असेल, तर अशी चक्की ढोबळ मानाने दिवसास तीन युनिटे देईल. सरासरी ३ मीटरच असेल, तर एक युनिटापेक्षा थोडेसेच अधिक. वेगातील फरक अवघ्या एका मीटरचा. पण एका जागी चक्की घरातले दिवे, पंखा आणि दूरदर्शन संच सांभाळील, तर दुसऱ्या जागी ती केवळ शोभेची वस्तू होईल. एक किलोवॉटचे सौर संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे चार युनिटे देतात, त्यांस फिरते भाग नसतात आणि ते छपरावर निमूट पडून राहतात. तेव्हा चक्कीचा अर्ज आला की ‘येथे सूर्य का पुरत नाही?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मावळात या प्रश्नाला एक खरे उत्तर आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत घाटमाथा ढगात असतो, सौर पाटी मंदावते आणि नेमका त्याच वेळी पश्चिमेचा वारा जोरात असतो. वादळवाऱ्यात तारा तुटून वीज जाण्याचे दिवसही हेच. उलट, ऑक्टोबरनंतर वारा बसतो, तेव्हा ऊन भरपूर असते. म्हणजे मावळात लहान चक्की सूर्याची जागा घेऊ शकणार नाही, परंतु पावसाळ्यातली त्याची उणीव ती भरून काढू शकेल. चक्की येथे उपयोगाची ठरली तर ती याच जोडीदारीत ठरेल.

जागेचे महत्त्व

‘मावळात वारा भरपूर आहे’ हे विधान अर्धसत्य आहे. आंदर, नाणे आणि पवन या तिन्ही मावळांत वस्ती बहुतेक खोऱ्यांत आहे. आपल्या पूर्वजांनी घरे बांधताना वाऱ्याकडे पाठ केली आणि आंबा, जांभूळ, बांबू यांचा आडोसा धरला. जी जागा राहण्यास चांगली, तीच पवनचक्कीला वाईट. झाडाच्या किंवा घराच्या मागे वारा केवळ मंद होत नाही, तो भोवऱ्यासारखा गिरक्या घेतो. त्याने वीज कमी मिळते आणि पाती व दांडा लवकर झिजतात. सभोवती दीडशे मीटरांच्या आत जे सर्वांत उंच झाड किंवा इमारत असेल, तिच्याहून पात्यांचे खालचे टोक निदान नऊ-दहा मीटर वर असावे, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. बारा मीटर उंचीच्या आंब्याशेजारी चक्की लावावयाची तर मनोरा वीस मीटरांच्या पुढे जातो. घराच्या पत्र्यावर चक्की बसविण्याची कल्पना या कसोटीवर टिकत नाही. शिवाय तिचा कंप भिंतींत उतरतो.

चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे मोठ्या प्रकल्पांसाठी उपयोगी आहेत. परंतु ते जमिनीपासून पन्नास, शंभर मीटर वा त्याहून अधिक उंचीवरच्या वाऱ्याचे असतात. वीस मीटर उंचीवर, विशिष्ट टेकाडावर काय घडते हे त्यांवरून ठरविता येत नाही. त्यासाठी त्या जागी खांब उभारून त्यावर वेगमापक लावावा आणि निदान एक पावसाळा व एक हिवाळा नोंदी ठेवाव्यात. हे काम खर्चिक नाही आणि महाविद्यालयाच्या भूगोल विभागातील विद्यार्थीही ते करू शकतील.

आंध्र तलावाजवळील धडा

पवनचक्की मावळला अगदीच अपरिचित नाही. भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात, खेड व मावळ तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर, आंध्र तलावाच्या नावाने ओळखला जाणारा मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळती करण्यात आली. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०११ च्या आपल्या अहवालात या प्रकल्पावर कठोर टीका केली आहे. हे सदाहरित वन असून येथे शेकरूचा वास आहे, म्हणून परवानगी देऊ नये, असे स्थानिक वन अधिकाऱ्याने नमूद केले होते. वरिष्ठ पातळीवर ते मत बाजूस सारण्यात आले, असे समिती सांगते. डोंगर कापून केलेले रस्ते, घसरणाऱ्या दरडी, शेतांत व ओढ्यांत गेलेला राडारोडा, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या डोंगरावर जाण्यास लोकांना झालेला अटकाव यांची नोंदही तिने केली आहे.

या उदाहरणातून दोन बोध घेता येतात. पहिला असा की, तेथे मुख्य हानी पात्यांनी केली नाही, ती रस्त्यांनी केली. लांबलचक पाती आणि अवजड यंत्रे डोंगरावर न्यावयाची तर रुंद रस्ता लागतोच. लहान चक्कीचा प्रश्न येथे मूलतः वेगळा होतो. तीन मीटरांची पाती दोन माणसे खांद्यावरून नेऊ शकतात; मनोरा तुकड्यांत नेऊन ताण-तारांच्या आधारे उभा करता येतो आणि दुरुस्तीसाठी आडवाही पाडता येतो. म्हणून ज्या अर्जात नवीन रस्ता मागितला असेल तो ‘लहान’ म्हणून विचारात घेऊ नये, असा नियम ग्रामसभेने करण्यास हरकत नाही.

दुसरा बोध असा की, ‘स्वच्छ ऊर्जा’ हे शब्द उच्चारले म्हणजे चौकशी संपत नाही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेश नाही. कायदा जेथे विचारीत नाही तेथे गावाने विचारावे लागते.

पक्षी, आवाज आणि दृश्य

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी आढळले. परिणामी, त्यांचे भक्ष्य असलेल्या सरड्यांची संख्या वाढली आणि त्या सरड्यांच्या वागण्यातही फरक पडला. म्हणजे पक्षी मरतो की नाही एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. तो जागा सोडून गेला तरी खालची सारी साखळी हलते. एका लहान चक्कीचा परिणाम अर्थातच एवढा मोठा होणार नाही. परंतु कड्यावरून घिरट्या घेत वर चढणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेत किंवा वटवाघळांच्या गुहेच्या तोंडाशी ती नसावी, हे पथ्य पाळलेच पाहिजे.

आवाजाच्या बाबतीत लहान चक्की मोठीपेक्षा नेहमीच शांत असते हा समज खरा नाही. तिची पाती अधिक वेगाने गरगरतात आणि सोसाट्यात घोंघावतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र गावच्या रात्रीची शांतता पुष्कळदा याहूनही अधिक असते. म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून रात्री ऐकणे, ही आकड्यांना पूरक अशी कसोटी होय.

राहिला दृश्याचा प्रश्न. लोहगड व विसापूर हे किल्ले आणि कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. २०१० च्या सुधारित कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून शंभर मीटरांच्या आत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरांत विशेष परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये लोहगडाचा समावेश मराठा लष्करी भूदृश्यांमध्ये जागतिक वारसा म्हणून झाला. विंचूकाट्यावरून दिसणारे पवनेचे खोरे हा आता केवळ आपला ठेवा राहिलेला नाही. पण येथे प्रामाणिकपणाही हवा. उच्च दाबाच्या तारांचे मनोरे, द्रुतगती मार्ग आणि डोंगरउतारावरचे बंगले ज्यांच्या डोळ्यांना खुपले नाहीत, त्यांनी शेतकऱ्याच्या एका खांबानेच सौंदर्य नासते असे म्हणू नये. सौंदर्याचा नियम सर्वांना सारखा असेल तरच तो नियम. एरवी तो सुटीला येणाऱ्याची आवड ठरेल.

निर्णय कोणाचा?

वनजमीन, स्मारके, नियोजन यांविषयीचे अधिकार निरनिराळ्या सरकारी खात्यांकडे आहेत आणि त्यांची परवानगी आवश्यक तेथे घ्यावीच लागेल. परंतु गावाचे मत केव्हा आणि किती मोलाचे धरावे, याविषयी बाहेरच्या जगाचा अनुभव उद्‌बोधक आहे. इंग्लंडमध्ये जून २०१५ पासून असा दंडक झाला की, जमिनीवरील पवनचक्की एकच असली तरी तिच्याविषयीच्या स्थानिक हरकतींचे पूर्ण निराकरण व्हावे आणि तिला स्थानिक पाठिंबा असावा. ऐकावयास हे लोकशाहीचे वाटते. प्रत्यक्षात मूठभरांची हरकतही पुरेशी ठरू लागली आणि नव्या चक्क्या जवळजवळ थांबल्या. जुलै २०२४ मध्ये तो दंडक रद्द करावा लागला. डेन्मार्कने दुसरी वाट धरली होती. तेथे २००९ साली अमलात आलेल्या कायद्यानुसार मोठी चक्की उभारणाऱ्याने किमान २० टक्के हिस्सा परिसरातील रहिवाशांना विकत घेण्यास देऊ करावा असे बंधन होते. ज्याला चक्की रोज पाहावयाची आहे त्याला तिच्यात वाटा असावा, हे त्यामागचे तत्त्व.

कोणालाच न विचारणे हे एक टोक आणि कोणाही एकाच्या नकाराने सारे थांबणे हे दुसरे टोक. ग्रामसभेने यांच्या मधली वाट धरावी. हरकतीला कारण असावे, कारणाची तपासणी व्हावी आणि परवानगीला मुदत असावी. त्यासाठी पुढील प्रश्न पुरेसे वाटतात :

१. वाऱ्याच्या नोंदी त्याच जागेवर, त्याच उंचीवर घेतल्या आहेत काय?
२. पावसाळ्यातील गरज केवळ सौर संचाने भागणार नाही, हे दाखविले आहे काय?
३. मनोरा पडलाच तर तो अर्जदाराच्याच जमिनीत पडेल, एवढे अंतर आहे काय?
४. नवीन रस्ता, वृक्षतोड किंवा वनजमीन लागणार आहे काय?
५. पक्ष्यांची वाट, गुहा, लेणे वा किल्ल्यावरून दिसणारे दृश्य बाधित होते काय?
६. सर्वांत जवळच्या घराला आवाजाचा त्रास होईल काय, आणि त्या घराला विजेचा काही लाभ आहे काय?
७. चक्की बंद पडल्यास ती, तिच्या विजेऱ्या आणि ताण-तारा कोण व कोणत्या खर्चाने काढून नेणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत अधिक उपयोगी आहे. गंजलेला, न फिरणारा मनोरा कोणाचेच भले करीत नाही. उतरविण्याचा खर्च ग्रामपंचायतीकडे आधी अनामत ठेवला, तर हौसेचे अर्ज आपोआप गळून पडतील.

आता हे प्रश्न तीन कल्पित अर्जांना लावून पाहू. खोऱ्यात, आमराईच्या आड राहणाऱ्या शेतकऱ्याला नकार द्यावा लागेल. तो गावाच्या हितापेक्षाही त्याच्या स्वतःच्या हिताचा आहे, कारण त्याचे पैसे वाचतील. लोहगडासमोरच्या कडेवर बंगला बांधून सुटीस येणाऱ्याला नकार द्यावा लागेल, कारण त्याची गरज मोठी नाही आणि दृश्याची हानी सर्वांची आहे. परंतु उघड्या पठारावर, मुख्य तारेच्या टोकाला असलेल्या आठ-दहा घरांच्या वस्तीने सौर संचाला जोड म्हणून एक चक्की मागितली, नोंदी दाखविल्या, शेजाऱ्यांना वाटा दिला आणि अनामत ठेवली, तर तिला पाच वर्षांसाठी होकार द्यावा. पाच वर्षांनी हीच वही पुन्हा उघडावी.

यंत्र तेच असूनही तीन जागी उत्तरे निराळी येतात, यात विसंगती नाही. ‘पवनचक्की हवी’ किंवा ‘पवनचक्की नको’ असा सरसकट ठराव करणे सोपे असते. पण तो ठराव जागा पाहत नाही, माणूस पाहत नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला शंभर वर्षांपूर्वी कोणी असे सात प्रश्न विचारले असते, तर धरण झाले असते किंवा नसते, हे सांगता येत नाही. परंतु त्याचे उत्तर कोठेतरी लिहून ठेवले गेले असते. आज विचारण्याची संधी आपल्या ग्रामसभेच्या हाती आहे. वारा कोणाच्या मालकीचा नाही. म्हणूनच त्याच्याविषयीचा निर्णय सर्वांनी बसून, मोजून आणि एकमेकांचे ऐकून घेतला पाहिजे.